देव बघून घेईल, तर मग संविधान कशाला?

दलित किंवा आदिवासी ख्रिस्ती माणसावर हल्ला झाला की दोन वाक्ये ठरल्यासारखी कानावर येतात. पहिले प्रार्थनाघरातून येते : परमेश्वरावर भार टाका, तो आपल्या लेकरांचे रक्षण करील. दुसरे आपल्या वस्त्यांतून, आपल्या विहारांच्या ओट्यावरून येते : धर्म बदलला ना त्यांनी, आता त्यांचा देव बघून घेईल. पहिले वाक्य मायेचे आहे, दुसरे कुत्सित आहे. परंतु दोन्ही वाक्यांनी संकटातल्या माणसाला एकाच ठिकाणी नेऊन सोडले जाते. तिथे पोलीस नाही, वकील नाही, शेजारी नाही. आहे तो फक्त देव. आणि देवाच्या नावाने एफआयआर नोंदवता येत नाही.

मी भिलाईच्या नेहरू नगरात राहतो. ज्या दुर्ग रेल्वे स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन नन आणि त्यांच्यासोबतचा एक आदिवासी तरुण यांना अटक झाली, ते इथून ऑटोने गाठता येते. त्यांच्यासोबत नारायणपूर जिल्ह्यातल्या तीन आदिवासी तरुणी होत्या. कामासाठी आग्र्याला निघाल्या होत्या. बजरंग दलाचे कार्यकर्ते स्थानकात आले, घोषणा झाल्या, आणि मानवी तस्करी व धर्मांतराची कलमे लागली. त्या तरुणींनी पुढे जाहीरपणे सांगितले की आपण स्वतःच्या मर्जीने, घरच्यांच्या संमतीने निघालो होतो, आधीपासूनच ख्रिस्ती आहोत आणि आपल्यालाच धमकावले गेले, मारहाण झाली. दुर्गच्या सत्र न्यायालयाने हा विषय आपल्या अधिकारात येत नाही म्हणून जामिनावर निर्णय दिला नाही. शेवटी २ ऑगस्टला बिलासपूरच्या एनआयए न्यायालयाने जामीन दिला.

त्या आठवड्यात आमच्या भागात अनेक सज्जन माणसे भेटली. नेहरू नगर ही खाऊनपिऊन सुखी लोकांची वसाहत आहे. इथे कुणी उघडपणे मारहाणीचे समर्थन करत नाही. इथे लोक उसासा टाकतात आणि ‘ऊपरवाला सब देख रहा है’ असे म्हणून पुढे जातात. वरचा बघतोय, म्हणून खालच्यांनी बघायचे नाही, असा त्याचा सरळ अर्थ आहे. म्हणून हा लेख श्रद्धाळू माणसाविरुद्ध नाही. तो या वाक्याविरुद्ध आहे.

नऊ दिवसांत त्या नन तुरुंगाबाहेर कशा आल्या, हे नीट पाहिले पाहिजे. केरळच्या खासदारांनी संसदेत आवाज उठवला. डाव्या आणि काँग्रेसच्या आघाड्यांची शिष्टमंडळे दुर्गला आली. केरळातल्या भाजपलाही आपल्या ख्रिस्ती मतदाराला तोंड दाखवायचे होते. बिशपांच्या संघटनेने निवेदने काढली, रस्त्यावर मोर्चे निघाले, चांगले वकील उभे राहिले. त्या काळात प्रार्थनाही झाल्या, आणि त्या करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण न्यायालयासमोर प्रार्थना मांडली गेली नव्हती, जामीन अर्ज मांडला होता. ज्यांच्यामागे केरळ उभे होते, त्यांना नऊ दिवस लागले. ज्यांच्यामागे कुणीच नाही, अशा बस्तरच्या गावातल्या पास्टरला किती दिवस लागतात?

याचे एक उत्तर आपल्याजवळ आहे. बस्तर जिल्ह्यातल्या छिंदवाडा गावचे एक पास्टर ७ जानेवारी २०२५ रोजी वारले. ते महारा जातीचे. या जातीच्या नावात आपल्याला ओळखीचे काही ऐकू येत असेल, तर ते बरोबरच आहे. ‘महारा’ आणि ‘महरा’ ही नावे छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत महार, मेहरा, मेहर यांच्या जोडीला २०२३ साली संसदेने घातली. तर या महारा पास्टरला गावच्या स्मशानभूमीत, जिथे त्याच्या कुटुंबातली आधीची माणसे पुरली होती असे मुलाचे म्हणणे होते, तिथे पुरायला गावाने विरोध केला. स्वतःच्या शेतात पुरायलाही विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयात गेला, तिथे हरला. सर्वोच्च न्यायालयात आला. तोवर बापाचा देह जगदलपूरच्या शवागारात पडून होता. २७ जानेवारीला निकाल लागला, आणि तोही दुभंगलेला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना म्हणाल्या, कुटुंबाच्या खासगी शेतात दफन करू द्या. न्यायमूर्ती सतीशचंद्र शर्मा म्हणाले, ख्रिस्ती दफनभूमी ठरलेली आहे, तिथेच न्या. देह किती दिवस ठेवणार, म्हणून मोठ्या पीठाकडे न पाठवता वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलीस बंदोबस्तात दफन करण्याचा आदेश झाला.

वीस दिवस. मेलेल्या माणसाला मातीसाठी वीस दिवस, आणि तीही गावाबाहेरची माती. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी गावकुसाबाहेर जन्म काढला, त्या मराठी वाचकाला यात नवे काही दिसणार नाही. फक्त इथे जातीचे नाव न घेता धर्माचे नाव घेतले गेले. गावाने महाराला वेशीच्या आत मरू दिले नाही, आणि कारण सांगितले ख्रिस्ती असल्याचे.

त्या आधी, २०२२ च्या डिसेंबरात नारायणपूर आणि कोंडागावच्या गावांमधून आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांना हाकलून दिले गेले. कडाक्याच्या थंडीत बायकापोरे नारायणपूरच्या स्टेडियममध्ये येऊन राहिली. २ जानेवारी २०२३ रोजी नारायणपुरात चर्चची मोडतोड झाली आणि जमावाला आवरायला गेलेल्या पोलीस अधीक्षकाचेच डोके फुटले. ज्या राज्यात पोलीस अधीक्षकाचे रक्षण होऊ शकत नाही, त्या राज्यात बायबल हातात घेतलेल्या बाईला ‘देव आहे ना’ असे सांगणे हा धीर नाही. ही तिला एकटे सोडून देण्याची सभ्य रीत आहे. पुढे कांकेर जिल्ह्यातल्या काही गावांच्या वेशीवर पास्टर आणि धर्मांतरितांना प्रवेशबंदीचे फलक लागले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने अशा फलकांना घटनाबाह्य म्हणायला नकार दिला. वेशीवरची पाटी वाचून मागे फिरायचा अनुभव ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनी तरी हे ‘त्यांचे’ प्रकरण समजू नये.

आता या प्रश्नाच्या मुळाशी येऊ. भक्ताचे रक्षण देव करतो, हे आपल्या मराठी मुलखात आपल्याइतके कुणी तपासून पाहिलेले नाही. चोखोबांहून मोठा भक्त कोण दाखवाल? तो विठ्ठल त्यांना देवळाच्या पायरीच्या आत भेटला नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे वेठीचे काम करत असताना भिंत कोसळली, आणि इतर महार मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली चिरडून मेले. परंपरा पुढे सांगते की नामदेवांनी त्यांच्या हाडांमधून विठ्ठलनाम ऐकले, हाडे ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. ही कथा सांगताना कीर्तनकाराचा गळा दाटून येतो. माझा मात्र एक साधा प्रश्न आहे. हाडांमधून नाम ऐकू येईपर्यंत थांबणाऱ्या देवाला जिवंत माणसाचा टाहो का ऐकू आला नाही? आणि भिंत बांधून घेणाऱ्याला कुणी विचारले का, की वेठीने बोलावलेल्या मजुरांच्या जिवाची जबाबदारी कुणाची? कथेने चोखोबांना अमर केले आणि भिंत बांधून घेणाऱ्याला मोकळे सोडले. ‘देव रक्षण करतो’ या वाक्याचे काम सातशे वर्षे हेच आहे.

चोखोबांच्या घरातच याला उत्तर देणारा निघाला होता. त्यांचा मुलगा कर्ममेळा याने देवाला सरळ जाब विचारला, की आम्हाला हा हीन जन्म देऊन तू काय साधलेस. बापाची भक्ती घराघरांत पोचली, मुलाचा जाब मात्र कीर्तनात फारसा येत नाही.

बाबासाहेबांनी १९४८ मधला अस्पृश्यांवरचा ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत. म्हणजे त्यांना चोखोबांविषयी तुच्छता नव्हती. पण रक्षणासाठी त्यांनी देवावर भार टाकला नाही. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. पुढच्या महिन्यात रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. राम आत होता, दगड बाहेर पडत होते. १९३४ मध्ये भाऊराव गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून किंवा मंदिरात शिरल्याने समता येईल म्हणून ही चळवळ नव्हती. समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि तो हलावा, यासाठी ती होती. पुढच्याच वर्षी येवल्याला त्यांनी धर्मत्यागाची घोषणा केली. देवाच्या दारात उभे राहून त्यांनी माणसे जागी केली, आणि मग माणसांच्या रक्षणासाठी संविधान लिहिले.

इथे काही ख्रिस्ती मित्र म्हणतील, तुम्ही आमच्या श्रद्धेला हसता. नाही. श्रद्धेने माणूस ताठ उभा राहतो हे मी पाहतो आहे. धमक्या मिळाल्यावरही त्या आदिवासी तरुणी आपले म्हणणे मागे न घेता बोलल्या. त्यामागे त्यांची प्रार्थना असेल तर ती प्रार्थना खरी. श्रद्धा उभे राहायला बळ देत असेल तर उत्तम. ती ‘बसून रहा, तो येईल’ असे सांगू लागली की ती मालकाच्या कामी येते. बायबलमधल्या कथेतही इजिप्तच्या गुलामांना मुक्त व्हायला घरातून निघावे लागले, चालावे लागले. घरी बसून समुद्र दुभंगल्याची कथा त्यात नाही.

आणि सत्तेतल्या माणसांनी स्वतःचे रक्षण देवावर कधी सोडले? सिद्धिविनायकाच्या दारात मेटल डिटेक्टर आहे. मोठ्या देवस्थानांत सीसीटीव्ही, सशस्त्र पहारे आणि दानपेटीला कुलूप असते. धर्मरक्षणाची भाषा करणाऱ्या नेत्यांना सरकारी सुरक्षा हवी असते. देवाच्या घरालाच पहारा लागतो, तर देवाच्या भरवशावर उघड्यावर राहायचे ते फक्त गरिबाने. हाच नियम चर्चमध्येही आहे. ज्या चर्चचे पुढारी दलित ख्रिस्ती माणसाला परमेश्वराच्या पंखाखाली बसायला सांगतात, त्यांच्याच तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या कब्रस्तानात दलितांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत उभी राहिली. ती देवाने बांधली नाही. तिथे मेल्यावरही जात सुटत नाही. तेव्हा चर्चनेही आधी आपली भिंत पाडावी, मग पंखांची गोष्ट करावी.

पण मला जास्त बोलायचे आहे ते आपल्या लोकांशी, म्हणजे बौद्धांशी आणि हिंदू दलितांशी. ‘त्यांचा देव बघून घेईल’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही, कारण राज्यसंस्थेने हेच वाक्य कायद्यात लिहून ठेवले आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेद हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जात मानत नव्हता. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध १९९० मध्ये आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम आजही बाहेर आहेत. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने हा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. ती पडून राहिली, आणि २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमून प्रश्न पुन्हा पुढे ढकलला गेला. २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने जातिवाचक शिवीगाळ व मारहाणीची तक्रार करणाऱ्या एका पास्टरला, तो ख्रिस्ती असल्याने, अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाकारले. मारणाऱ्याला त्याची जात पक्की आठवते. कायद्याला मात्र ती विसरायची असते. राज्यसंस्था दलिताला सांगते : देव बदललास, आता रक्षणही त्याच्याकडेच माग.

१९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे आपणही याच रांगेत उभे होतो. दीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलती गेल्या. तेव्हा कुणी म्हटले होते, ‘तुमचा बुद्ध बघून घेईल’. आपण त्यावर पारायणे करत बसलो नाही. डिसेंबर १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जो देशव्यापी सत्याग्रह झाला, त्याच्या मागण्यांत भूमिहीनांच्या जमिनीबरोबर बौद्धांच्या सवलतीही होत्या. लोक लेकराबाळांसह तुरुंगात गेले. त्या रेट्याला फळ यायला अडीच दशके लागली, पण ते आले ते रेट्यामुळे. मग आता दलित ख्रिस्ती तेच मागतात तेव्हा ‘आपला वाटा कमी होईल’ म्हणून आपण गप्प का? वाटा कमी पडत असेल तर वाटा वाढवून मागावा. रांगेतल्या मागच्या माणसाला ढकलून आपली जागा पक्की होत नाही.

धम्म घेतला म्हणून आपण तरी सुरक्षित झालो का? दुर्गहून नागपूरकडे जाणारी गाडी ज्या भंडारा रोडवरून जाते, त्याच भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. ते बौद्ध होते. हत्याकांडाला वाचा फुटली ती महाराष्ट्रभर लोक रस्त्यावर उतरले तेव्हा. आणि तरीही खटल्यात अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. इकडे छत्तीसगडात गुरू घासीदासांनी सतनामाचा मार्ग दिला, मूर्ती आणि पुरोहित दोन्ही नाकारले. त्यांचे पुत्र गुरू बालकदास यांची १८६० मध्ये हत्या झाली. मे २०२४ मध्ये गिरौदपुरीजवळच्या अमर गुफेतला जैतखाम तोडला गेला, १० जूनला बलौदाबाजारचे जिल्हाधिकारी कार्यालय पेटले, आणि त्यानंतर तुरुंगात गेले ते मोठ्या संख्येने सतनामी तरुण. ख्रिस्ती, बौद्ध, सतनामी, वारकरी. देव चार, देव न मानण्याच्या रीतीही वेगळ्या; मार खाणारी माणसे त्याच जातींची. तेव्हा कोणता देव वाचवतो हा वाद आपल्यासाठी निरर्थक आहे.

आणि आपण बौद्धांनीही आपल्या घरात डोकावावे. दवाखान्याऐवजी परित्राणाचे पाणी, हाताला बांधलेला मंतरलेला धागा, आणि प्रत्येक अन्यायानंतर ‘बाबासाहेब असते तर’ असा सुस्कारा. ज्याने स्वतःच स्वतःचा आधार व्हायला सांगितले, त्यालाच आपण आधार करून बसलो तर चर्चमधल्या वाक्याला हसायचा आपल्याला हक्क नाही.

कुणी विचारील, संघटना तरी माणूस वाचवते का? या भिलाईत हा प्रश्न टाळता येत नाही. शंकर गुहा नियोगींनी दल्ली राजहराच्या खाण कामगारांना संघटित केले. त्या कामगारांनी सरकारची किंवा देवाची वाट न बघता १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीने आणि श्रमाने शहीद हॉस्पिटल उभे केले. त्याच नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे इथे भिलाईत झोपेत गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात कामगार मेले. म्हणजे संघटना हेही चिलखत नाही. पण दोन फरक आहेत. एक, ते हॉस्पिटल आजही रुग्ण तपासते. दुसरा, माणसांच्या यंत्रणेला जाब विचारता येतो. नियोगींचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल कुणाला पटो न पटो, तो वाचता येतो, त्याला विरोध करता येतो. पोलिसाने तक्रार घेतली नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडे, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येते. देवाने रक्षण केले नाही तर अपील कुठे करणार? उलट तुझीच श्रद्धा कमी पडली, असे मार खाल्लेल्यालाच ऐकवले जाते.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रार्थना ज्याला करायची त्याने करावी, तो त्याचा अनुच्छेद २५ चा हक्क आहे. पण प्रार्थनासभेच्या दारावर वकिलाचा नंबर लिहिलेला असावा. हल्ला झाला तर कुणी व्हिडिओ घ्यायचा, कुणी ठाण्यात जायचे, तक्रारीची पोच कुणी घ्यायची, हे आधी ठरलेले असावे. त्या पोचेसाठी ख्रिस्ती माणसाबरोबर ठाण्यात निळी टोपी घातलेला माणूस बसलेला दिसला पाहिजे. आपल्या बुद्धविहारांनी, सतनामी समाजाच्या संघटनांनी, वस्तीतल्या जयंती मंडळांनी हे काम आपले मानावे. येत्या १४ एप्रिलच्या ठरावांमध्ये तिसरा परिच्छेद रद्द करण्याची मागणी घालावी, आणि धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढण्याच्या मोहिमेला स्पष्ट विरोध नोंदवावा. भिलाई-दुर्गमध्ये तरी हे व्हावे यासाठी मी माझ्या ओळखीच्या प्रत्येक मंडळाकडे जाणार आहे.

चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनाही माझी विनंती आहे. पुढच्या रविवारी ‘तो रक्षण करील’ असे सांगून झाले की त्याच व्यासपीठावरून तक्रार कशी लिहायची तेही सांगा.

जय भीम. जय सतनाम.